पडद्यावरचा आकडा येतो कुठून?

कारखान्याच्या नियंत्रण कक्षातील पडद्यावर टाक्या, पंप आणि झडपा यांचे रंगीत चित्र दिसते, टाकीतील पातळी वर-खाली होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की यंत्रावर बसवलेला कॅमेराच हे सारे थेट दाखवत आहे. प्रत्यक्षात पडद्यामागच्या स्काडा या देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरला टाकी कधीच दिसत नाही. ते यंत्रे चालवणाऱ्या पीएलसी या नियंत्रकाला ठरावीक अंतराने प्रश्न विचारते आणि उत्तरादाखल आलेल्या आकड्यांवरून चित्र रंगवते.

हे प्रश्नोत्तर ज्या पद्धतींनी चालते, त्यांपैकी मॉडबस ही मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणलेली आणि आजही सर्रास वापरली जाणारी पद्धत आहे. तिच्या लेखी पीएलसीची स्मृती म्हणजे रजिस्टर नावाच्या कप्प्यांची रांग असून प्रत्येक कप्प्यात १६ बिट, म्हणजे ० ते ६५,५३५ यांपैकी एक संख्या मावते. सॉफ्टवेअर अमुक कप्प्यापासून पुढचे दहा कप्पे मागते, आणि पीएलसी ते वाचून दाखवून गप्प बसते. आकडा तापमानाचा आहे की दाबाचा, याविषयी त्या उत्तरात अवाक्षरही नसते. २५३ म्हणजे २५.३ अंश, हे उपकरणाच्या पुस्तिकेतील तक्ता पाहून जोडणाऱ्यानेच सॉफ्टवेअरला शिकवायचे असते.

माझ्या मते या विषयातील सर्वांत रंजक भाग एका कप्प्यात न मावणाऱ्या संख्यांचा आहे. समजा, उत्पादन मोजणारा आकडा ७०,००० झाला. ७०,००० म्हणजे एकदा ६५,५३६ अधिक ४,४६४. म्हणून एका कप्प्यात १ आणि शेजारच्या कप्प्यात ४,४६४ ठेवले जातात. एका कप्प्यातील दोन बाइटांचा, म्हणजे आठ-आठ बिटांच्या दोन तुकड्यांचा, क्रम मॉडबसने ठरवून दिला आहे, परंतु दोन कप्प्यांपैकी मोठा भाग आधी की लहान, हे ठरवलेलेच नाही, आणि उत्पादकांनी आपापल्या सोयीने दोन्ही प्रकार रूढ केले. क्रम उलटा धरला की सॉफ्टवेअर ४,४६४ ला ६५,५३६ ने गुणून त्यात १ मिळवते आणि पडद्यावर २९,२५,५२,७०५ झळकतात. निरोपासोबत येणारी त्रुटी-तपासणी येथे निरुपयोगी ठरते, कारण तारेतून येताना एकही बिट बदललेला नसतो. अपूर्णांकांचे तर याहून फसवे: ३२ बिटांत साठवलेले २५.० अंश उलट क्रमाने वाचले, तर निघणारी संख्या शून्याला इतकी चिकटलेली असते की पडद्यावर ०.०० दिसते आणि बिचारा धडधाकट सेन्सर बदलला जातो.

१९९६ मध्ये आलेल्या ओपीसी या मानकाने प्रत्येक मूल्यासोबत त्याचा प्रकार, वेळ आणि विश्वासार्हतेची खूण पाठवण्याची सोय केली, त्यामुळे सॉफ्टवेअरचे बरेच अंदाज वाचले. मात्र ओपीसी सर्व्हर स्वतःच मागच्या बाजूने मॉडबसवर वाचत असेल, तर कप्प्यांचा क्रम तेथेही कोणीतरी सांगावाच लागतो. कृत्रिम बुद्धिमत्ता यंत्राचा बिघाड आधीच ओळखेल अशा जाहिराती हल्ली फार दिसतात. तिला पुरवलेले कप्पे उलटे असतील, तर ती २९ कोटींचाही गंभीरपणे आलेख काढील.

म्हणूनच जोडणी तपासताना पीएलसीत शून्य भरून समाधान मानू नये. शून्य उलटे वाचले तरी शून्यच राहते. ७०,००० मात्र लगेच चूक उघडी पाडतात.