चित्र हलतं ते फटीमुळे

डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा १/१६ सेकंद टिकते, म्हणून सिनेमा हलताना दिसतो, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पुठ्ठ्याच्या एका बाजूला पोपट, दुसऱ्या बाजूला पिंजरा काढून दोऱ्यावर गरगर फिरवलेलंही असतं. हे खेळणं लंडनमध्ये १८२५ साली विकायला आलं. पण त्यातला पोपट पिंजऱ्यात नुसता बसतो, पंख हलवत नाही. प्रतिमा टिकतच राहिल्या तर चित्रावर चित्र चढून काला व्हायला हवा!

खरी करामत १८३२ची. बेल्जियमचे जोसेफ प्लातो आणि व्हिएन्नाचे सायमन श्टाम्फर या दोघांनी एकमेकांना न विचारता फिनॅकिस्टिस्कोप, म्हणजे चित्रं हलती दाखवणारी फिरती तबकडी, बनवला. प्लातोंच्या तबकडीवर गिरकी घेणारी एकच आकृती सोळा वेगवेगळ्या स्थितींत काढलेली आणि कडेला सोळा फटी. चित्रांची बाजू आरशाकडे धरायची, तबकडी फिरवायची आणि मागून फटीतून आरशात बघायचं. फट सोडून तबकडीच्या कडेवरून बघितलं तर नुसता धुरकट पट्टा. फटीतून बघितलं की गिरकी सुरू!

हिशोब करून बघा. फटी मध्यापासून १२ सेंटिमीटरवर असतील तर त्या वर्तुळाचा परीघ सुमारे ७५ सेंटिमीटर. सेकंदाला एक फेरा धरला तर ३ मिलिमीटरची फट डोळ्यासमोरून साधारण १/२५० सेकंदात निघून जाते. तेवढ्यात ६ सेंटिमीटरवरचं चित्र जेमतेम दीड मिलिमीटर सरकतं, म्हणून रेघ फिसकटत नाही. मग अंधार. पुढची फट येते तेव्हा पुढचं चित्र नेमकं त्याच जागी आलेलं असतं. फटींपेक्षा चित्रं एकाने कमी काढली तर हा मेळ चुकतो आणि आकृत्या जागच्या जागी न थांबता गोल सरकत जातात.

दोन स्थितींमधली हालचाल मेंदू भरतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९१२ साली दाखवलं, की एका जागी रेघ चमकवून क्षणभराने शेजारी दुसरी चमकवली तर एकच रेघ सरकल्यासारखी दिसते. प्रतिमा खरोखर टिकते ती 'चार ठिपक्यांकडे टक लावा, मग भिंतीवर देव दिसेल' असल्या फॉरवर्डमध्ये. तो थकलेल्या दृष्टिपटलाचा खेळ, साक्षात्कार नव्हे. आणि तो देव मान हलवत नाही, हेही बघून ठेवा.

फटीची किंमत मात्र उजेडात मोजावी लागते. वरच्या हिशोबात दोन फटींमध्ये ४७ मिलिमीटरचं अंतर, त्यात उघडे फक्त तीन. म्हणजे जवळपास ९४ टक्के उजेड वाया. फ्रान्सच्या एमिल रेनो यांनी १८७७ साली फटी काढून, आतून चित्रं लावलेल्या फिरत्या पिंपाच्या मध्यभागी आरशांचं कडं बसवलं आणि चित्रं लख्ख दिसू लागली.

पुढे सिनेमाच्या प्रोजेक्टरने पुन्हा अंधाराचीच कास धरली. फिल्म पुढे सरकताना प्रोजेक्टरमधलं फिरतं पातं उजेड अडवतं, ते कळतं. पण सेकंदाला २४ चित्रं दाखवताना प्रत्येक चित्रावर ते आणखी एकदा आडवं येतं. हालचाल दिसायला २४ पुरतात. लुकलुक थांबवायला ४८ लागतात.