बीट आणि प्रतिसंस्कृतीच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नोकरी-घर-संसाराची चाकोरी झुगारणाऱ्या पुरुषांच्या कादंबऱ्या आल्या: आधी पन्नासच्या दशकातल्या ‘बीट’ या बंडखोर लेखकांच्या वर्तुळातून, मग साठच्या दशकातल्या प्रतिसंस्कृतीतून, म्हणजे प्रस्थापित रीती नाकारणाऱ्या चळवळीतून. त्यांत स्वातंत्र्य म्हणजे बहुधा बाईपासून सुटका. ती घर मागते, मूल सांभाळते, कुठे होतास म्हणून विचारते. म्हणून चाकोरीचा दोष तिच्या माथी. आणि भटकंतीचा खर्च? तो पुष्कळदा तिच्याच गाठीच्या पैशांतून निघतो.

जॅक केरुअॅकच्या ‘ऑन द रोड’मध्ये (१९५७) एड डंकेल गॅलेटीशी लग्न करतो, कारण प्रवासाचा खर्च तिने सोसावा असा बेत असतो आणि लग्नाशिवाय ती यायला तयार नसते. थकल्यामुळे ती मोटेलात मुक्काम मागते, तर ती उधळपट्टी ठरते. टूसॉनला तिचे पैसे संपतात. एड आणि त्याचा मित्र डीन, म्हणजे कादंबरीचा भटका नायक, तिला हॉटेलात सोडून पसार होतात. निवेदक या दोघांना नावे ठेवतो खरा, पण निवेदन गाडीबरोबरच पुढे जाते. तिची खबर लागते तीही दुसऱ्या एका पुरुषाच्या त्रासिक फोनवरून. पुढे हीच गॅलेटी डीनला तोंडावर जाब विचारते. तेव्हा मात्र निवेदक डीनची कड घेतो.

केन कीसीच्या ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’मध्ये (१९६२) व्यवस्थाच बाई होऊन येते. मनोरुग्णालयाच्या वॉर्डवर नर्स रॅचेडचा अंमल, बिली या तरुण रुग्णाला धाक आईचा, आणि निवेदक ब्रॉमडेन या मूळनिवासी रुग्णाच्या वडिलांनी तर गोऱ्या बायकोचे आडनाव लावलेले. पुरुषांना मोकळे करणाऱ्या कँडी आणि सँडी वेश्या आहेत. शेवटी मॅकमर्फी हा बंडखोर रुग्ण-नायक नर्स रॅचेडचा गणवेश फाडतो. त्या हिंसेकडे वाचकाने विजय म्हणून पाहावे, अशीच मांडणी आहे.

अशा कादंबरीत आधी पैसा आणि छप्पर कोणाचे ते पाहावे. मग स्त्रीचे बोलणे थेट येते की निवेदकाच्या सारांशात, हे तपासावे. निवेदकालाच लेखक समजल्याने घोटाळा होतो. ‘तो काळच तसा होता’ ही सबबही लंगडी आहे: त्याच बीट वर्तुळात कवयित्री डायान दि प्रिमा लिहीत होती. केरुअॅकची एकेकाळची मैत्रीण, लेखिका जॉइस जॉन्सन हिने आपल्या आठवणींना ‘मायनर कॅरेक्टर्स’ (१९८३) म्हणजे ‘दुय्यम पात्रे’ असे खोचक नाव दिले. ‘ऑन द रोड’मधल्या कॅमिल या डीनच्या बायकोमागची खरी स्त्री कॅरोलिन कॅसडी. तिचे आठवणींचे पुस्तक ‘ऑफ द रोड’ १९९० मध्ये आले.

‘ऑन द रोड’चा सुमारे १२० फुटी गुंडाळीवरचा खर्डा केरुअॅकने एप्रिल १९५१ मध्ये तीन आठवड्यांत टंकलिखित केला. तेव्हा तो पत्नी जोन हॅव्हर्टीसोबत मॅनहॅटनमध्ये राहत होता. तिच्या आठवणी ‘नोबडीज वाइफ’ या नावाने, तिच्या मृत्यूनंतर, २००० मध्ये छापल्या गेल्या.