सह्याद्रीतले गाणारे पक्षी: आमच्या सहलीला येण्याआधी

आंबोली आणि गोव्यातलं तांबडी सुर्ला, या दोन्ही सहली आम्ही पश्चिम घाटाच्या खास पक्ष्यांसाठी आखल्या आहेत. पक्षी दिसेलच अशी हमी आम्ही देत नाही आणि मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला समोर आणतही नाही. हे बुकिंगआधीच सांगितलेलं बरं.

कारण समजण्यासाठी शीळकरी कस्तूरच घ्या. पावसाळ्यात आंबोलीला उजाडायच्या आधी ओढ्याकाठून त्याची शीळ येते. रमतगमत चाललेल्या माणसाने घालावी तशी, मध्येच सूर बदलणारी. हाच त्याच्या विणीचा काळ. घरटं पाण्याजवळच्या कपारीत असतं. रेकॉर्ड केलेली शीळ ऐकली की दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून तो पिलांना भरवायचं सोडून त्याच्यामागे धावतो. असा फोटो आम्हाला नको. घरट्याचे फोटोही आम्ही काढू देत नाही.

त्यापेक्षा ओढ्याजवळ गप्प बसा. ठरलेल्या दगडावर तो पुन्हा पुन्हा येतो. अंधुक उजेडात तो नुसता काळा दिसतो. खांद्यावरची निळी झाक हवी असेल तर थोडं उजाडू द्या. गाताना तो बराच वेळ स्थिर असतो, त्यामुळे शटरचा वेग १/१२५ सेकंदापर्यंत उतरवता येतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ३२०० ला घाबरू नका. एक्सपोजर थोडं उणे, म्हणजे फोटो जरा गडद येईल असं ठेवा, नाहीतर कॅमेरा काळ्या पिसांना राखाडी करून टाकतो. फ्लॅश बंद. एसी गाडीतून उतरताच लेन्सवर वाफ धरते, म्हणून पोचायच्या अर्धा तास आधी आम्ही एसी बंद करतो.

तांबडी सुर्ल्याला नोव्हेंबर ते मार्च या काळात नेतो. कदंबकालीन महादेव मंदिराभोवतीच्या झाडांवर लालकंठी बुलबुल दिसतो: डोकं काळं, अंग पिवळंधमक, गळा शेंदरी. हा गोव्याचा राज्यपक्षी. पांगारा फुललेला असेल तर तिथे थांबायचं, कारण विगर्सचा सूर्यपक्षी मधासाठी येतो. नराच्या लाल छातीवरच्या बारीक पिवळ्या रेघा दुर्बिणीतून सुरेख दिसतात.

कपडे मातकट किंवा हिरवे घाला. पावसाळ्यात जळवा असतात. त्यासाठीचे लांब मोजे आम्ही देतो, बूट तुमचे. वयस्कर मंडळी सोबत असतील तर नोंदणी करतानाच सांगा, आंबोलीत बरेच पक्षी रस्त्याकडेला उभं राहूनही नीट दिसतात.