खर्डा नॉनस्टिकवर नको, आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर तर अजिबात नको

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू तवा हातात घेऊनच घरी आल्या. नव्या नॉनस्टिक तव्यावर त्यांनी खर्डा केलेला, मिरच्या-शेंगदाणे भाजले, लसूण-मीठ टाकलं आणि आपण कोल्हापुरात सगळेच करतो तसं वाटीच्या बुडानं तव्यातच रगडला. तवा मधोमध पांढरा पडलेला, काळं कोटिंग खर्ड्यात, आणि हे लक्षात येईपर्यंत घरच्यांनी भाकरीबरोबर निम्मा संपवलेला. "पोरानं पण खाल्लाय गं, आता कॅन्सर बिन्सर होतोय काय?" चेहरा एवढासा झालेला त्यांचा.

त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितेय, कारण ही भीती घराघरात आहे आणि माझ्या मते ती चुकीच्या जागी आहे.

ते काळं कोटिंग म्हणजे पीटीएफई, आपण टेफ्लॉन म्हणतो ते. ६ एप्रिल १९३८ ला अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीतला केमिस्ट रॉय प्लंकेट फ्रीजसाठी नवीन गॅस शोधत होता, सिलिंडर उघडला तर गॅस बाहेर येईना, वजन मात्र भरलेल्याएवढं. कापून बघितला तर आत पांढरी मेणचट पावडर! पुढं १९५४ मध्ये मार्क ग्रेगवार नावाचा फ्रेंच इंजिनिअर ती मासेमारीच्या सामानाला लावत होता, तर बायको म्हणाली माझ्या भांड्यांना लाव की. तिथनं ती स्वयंपाकघरात आली. कार्बनची लांब साखळी आणि तिच्याभोवती फ्लोरिनचं घट्ट वेष्टण, हा बंध इतका मजबूत की अ‍ॅसिड, तेल, पीठ, अंडं, कशाशीच त्याचं जमत नाही, म्हणून काही चिकटत नाही. आणि त्याच कारणानं पोटात गेलेला तुकडा पचत पण नाही, जसा गेला तसा बाहेर पडतो. काकूंना आधी हेच सांगितलं.

मग कॅन्सरचं कुठून आलं? ते दुसऱ्या केमिकलचं, पीएफओएचं. पीटीएफई बनवताना कारखान्यात मदतीला ते वापरायचे. अमेरिकेत अशाच कारखान्यामुळं पार्कर्सबर्ग शहराच्या आसपास ते पिण्याच्या पाण्यात उतरलं, लोकांच्या रक्तात गेलं, आणि किडनी आणि वृषणाच्या कॅन्सरशी त्याचा संबंध असण्याची दाट शक्यता २०१२ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी मांडली. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तिथल्या लोकांनी जे भोगलं त्याचा मला मनापासून राग येतो. पण भट्टीतून भाजून निघालेल्या तव्यात ते जवळजवळ उरत नाही, आणि २०१९ पासून ते घातक केमिकल्स रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत आहे. फक्त डब्यावर "पीएफओए फ्री" दिसलं म्हणून लई खूश होऊ नका, त्याच्या जागी त्याच खानदानातली दुसरी केमिकल्स वापरली जातात.

आता खरी गोष्ट, तापमान. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढं हे कोटिंग बिघडायला लागतं आणि ३५० च्या वर तर झपाट्यानं फुटून विषारी वायू सुटतात. त्यानं माणसाला थंडी वाजून ताप, छाती जड, खोकला असा फ्लूसारखा त्रास होतो, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरा होतो. पक्ष्यांची फुप्फुसं मात्र हवा इतकी भरभर ओढतात की ते जागेवर मरू शकतात, म्हणून पोपट, लव्हबर्ड्स पाळणाऱ्यांनी पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नये.

घरात २६० कधी होतंय? आमटी, भाजी शिजताना नाही, पाणी आहे तोवर गाडी १०० च्या आसपास थांबते. तेल असेल तर ते आधी धूर सोडतं, रिफाइंड तेल साधारण २३० ला, म्हणजे तेच आपल्याला सावध करतं. रिकाम्या तव्याला असं सांगणारं कुणी नसतंय, मोठ्या बर्नरवर काही मिनिटांत तो ३०० च्या वर जातो, त्यातून तवा पातळ असला तर अजून लवकर. आणि आपल्याकडं नेमकं हेच होतं, उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी करायची म्हणून कढई तापत ठेवायची आणि इकडं धने निवडत, खोबरं किसत बसायचं, फोन आला तर झालंच. त्यात मिरचीच्या ठसक्यात दुसरा कसला वास येतोय हे कळतच नाही. म्हणून मसाला भाजायला, खर्ड्याला लोखंडी नाहीतर बिडाचंच भांडं, ते कितीही तापू दे.

काकूंचा तवा मी टाकायला लावला. तुकड्यांच्या भीतीनं नाही, कोटिंग गेल्यावर खाली उघडं अ‍ॅल्युमिनियम असतं, टोमॅटो, चिंच असलं आंबट पडलं की ते थोडं थोडं जेवणात उतरतं, आणि चिकटायचं थांबवणारंच गेल्यावर ठेवायचा कशाला. आता माळ्यावरचा सासूबाईंचा बिडाचा तवा खाली काढलाय, खर्डा त्याच्यावर. नवा नॉनस्टिक आंबोळी आणि पोराच्या ऑम्लेटपुरता, तेलाचा हात फिरवून मगच गॅस लावायचा, तोही मध्यम, आणि उलथनं लाकडी.