चार सर्व्हर एका यंत्रात बसवताना

पुण्याजवळच्या भोसरीतल्या लहान कारखान्यांत जिन्याखालच्या खोलीत चार-चार जुने टॉवर पीसी रात्रंदिवस घरघरत असतात. एकावर टॅली, दुसऱ्यावर ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर), तिसऱ्यावर लॉगिन आणि ड्रॉइंगच्या फायली, चौथ्यावर हजेरीचं सॉफ्टवेअर. प्रत्येकी १०० वॉट धरले तरी वर्षाला सुमारे ३,५०० युनिट वीज जाते, आणि चौघांचेही प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामेच असतात.

ही चारही कामं एका यंत्रावर, पण एकमेकांपासून वेगळी चालवायची सोय म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. यंत्रातला असा प्रत्येक आभासी सर्व्हर म्हणजे व्हीएम. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देणारा सॉफ्टवेअरचा थर म्हणजे हायपरव्हायझर. कल्पना आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९६०च्या दशकातच रुजली होती. साध्या सर्व्हरवर ती सुकर झाली ती इंटेल आणि एएमडीने २००५-०६मध्ये प्रोसेसरमध्येच तशी सोय दिल्यावर. २००७मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम हा हायपरव्हायझर आला. प्रॉक्समॉक्स हे व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर त्याच्याच जोरावर चालतं.

कोटेशन मागवण्याआधी महिनाभर मोजमाप करा. महिनाभरच, कारण जीएसटीच्या ११ आणि २० तारखा आणि पगाराचे दिवस त्यात यायला हवेत. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटर, लिनक्सवर एसएआर पुरतं. नोंद दर १५ सेकंदांनी घ्या; तासाच्या सरासरीत दोन मिनिटांची दमछाक दिसतच नाही. मग चारही आलेख एकाखाली एक ठेवा आणि एकाच क्षणीची बेरीज बघा. प्रत्येकाचं वेगवेगळ्या वेळचं शिखर मिळवलं तर यंत्र उगाच मोठं घेतलं जातं, सरासरी मिळवली तर २० तारखेला सगळे खोळंबतात.

बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती डिस्कपाशी. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला ७५ ते १०० विखुरलेल्या वाचन-लेखन क्रिया करते. चार सर्व्हर चार डिस्कवर होते तेव्हा प्रत्येकाची रांग वेगळी होती, आता रांग एकच. त्यात अनेक डिस्क एकत्र जोडायच्या रेड पद्धतींपैकी रेड ५ निवडलं तर लहानशा एका लेखनामागे डिस्कवर चार क्रिया होतात, रेड १०मध्ये दोन. म्हणजे त्याच चार डिस्कमधून लेखनाचा वेग रेड ५ने निम्मा मिळतो. शक्यतो सर्व्हरसाठीच्या एसएसडीच घ्या, वीज जाताना हातातलं लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर असलेल्या. पैसे वाचवायचेच असतील तर प्रोसेसरमध्ये वाचवा, इथे नको.

मेमरीचा हिशेब सरळ आहे. लॉगिन आणि फायलींना ८ जीबी, ईआरपी व डेटाबेसला २४, रिमोट डेस्कटॉपवरच्या टॅलीला १६, हजेरीला ४, हायपरव्हायझरला ८. झाले ६०. म्हणून ६४ घेऊ नका, ९६ किंवा १२८ घ्या. मेमरी आहे त्यापेक्षा जास्त वाटली की यंत्र मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवू लागतं (स्वॅप) आणि सगळेच रखडतात. प्रोसेसरचं तसं नाही. प्रोसेसरच्या एका खऱ्या कोअरमागे (काम करणाऱ्या गाभ्यामागे) तीन आभासी कोअर अशा कामांना सहसा चालतात. मात्र एकाच व्हीएमला गरज नसताना आठ-आठ देऊ नका. रिकामे कोअर सांभाळण्यातही वेळ जातो आणि बाकीच्यांना थांबावं लागतं.

कोअरची संख्या परवान्यातही बोचते. विंडोज सर्व्हर स्टँडर्डसाठी यंत्रातल्या सगळ्या कोअरचा, किमान १६चा, परवाना लागतो आणि तेवढ्यात दोनच विंडोज व्हीएम चालवता येतात. चार हवे असतील तर तेच कोअर पुन्हा मोजून पैसे भरायचे. ३२ कोअरचा सर्व्हर स्वस्तात मिळाला तरी इथे महाग पडतो. डोंगलवर (परवान्याच्या यूएसबी किल्लीवर) चालणारं सॉफ्टवेअर असेल तर तो यूएसबी पोर्ट त्या व्हीएमला जोडून आधी चालवून बघा.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था, हा बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, आणि विसरला तर फुगत जातो. थिन डिस्कवर जागा कागदोपत्री वाटलेली असते; खरी जागा संपली की एकाच वेळी अनेक व्हीएम थांबतात. ८० टक्क्यांवर इशारा लावा. बॅकअप वेगळ्या यंत्रावर, आणखी एक प्रत कारखान्याबाहेर. महिन्यातून एकदा त्यातला एक व्हीएम परत उभा करून लॉगिन करून बघा.

आणि गुरुवार. भोसरीत त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी असते आणि महावितरणची दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी निघतात. वीज गेली तर यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकतो आणि बटण दाबायला कोणी नसतं. म्हणून यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून एनयूटी हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा. वीज गेल्यावर तीन मिनिटांनी व्हीएम बंद व्हायला सुरुवात, आधी ईआरपी, मग डेटाबेस, शेवटी लॉगिनचा सर्व्हर. चालू होताना क्रम उलटा, मध्ये दोन मिनिटांची उसंत, नाहीतर डेटाबेस उठायच्या आत ईआरपी त्याला शोधू लागतं. हायपरव्हायझरचा पासवर्ड मात्र लॉगिन सर्व्हरवर विसंबून ठेवू नका. तो सर्व्हर खुद्द त्याच हायपरव्हायझरच्या पोटात आहे, आणि तो उठला नाही तर तुम्हीही आत जाऊ शकणार नाही.