उघडी चोच म्हणजे तहान नव्हे

एक प्रकारचा व्हिडिओ मोबाइलवर सतत फिरत असतो. जमिनीवर पडलेला पक्षी, चोच उघडी, छाती भराभर हलते आहे. कोणीतरी त्याला मायेने मुठीत उचलतो, बाटलीच्या झाकणातून त्याच्या चोचीत पाणी ओततो आणि खाली शेकडो लोक त्या माणसाला आशीर्वाद देतात. पुढे त्या पक्ष्याचे काय झाले, हे व्हिडिओत जवळपास कधीच नसते. त्या अर्ध्या मिनिटात घडलेल्या दोन गोष्टींनी धडधाकट पक्षीसुद्धा दगावू शकतो. त्याची छाती आवळली जाते आणि त्याच्या श्वासनळीत पाणी जायला वाट मिळते. उचलणाऱ्याच्या मनात दयाच असते, पण ती दया माणसाच्या शरीराचे गणित पक्ष्याला लावते. पक्षी श्वास कसा घेतो हे एकदा नीट कळले, की जखमी पक्षी वाचवण्याचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

आधी त्या उघड्या चोचीबद्दल. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचे तापमान मुळातच 40 ते 42 अंश सेल्सिअस असते, त्यामुळे उष्ण कटिबंधातल्या दुपारी उष्णता बाहेर टाकणे हे त्यांच्यापुढचे रोजचे काम असते. तोंड, घसा आणि श्वसनमार्गाच्या ओलसर पृष्ठभागावरून बाष्पीभवन करून ते शरीर थंड करतात. धापा टाकणे हा त्यांचा घाम. टूकन या अमेरिकी उष्ण कटिबंधातल्या पक्ष्याची भलीमोठी चोचही याच कामाला येते. तिचा आकार त्याच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या 30 ते 50 टक्के भरतो आणि तिच्यातील रक्तप्रवाह कमीजास्त करून तो उष्णता सोडतो किंवा राखतो, हे 2009 साली उष्णताचित्रणाने दाखवून दिले गेले. म्हणजे चोच उघडी ठेवून बसलेला पक्षी तापलेला असतो, घाबरलेला असतो किंवा त्याचा श्वास अडलेला असतो. तहानेचा अंदाज त्या उघड्या चोचीवरून बांधता येत नाही.

शिवाय पक्ष्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या बुडाशी, चोच उघडली की दिसेल अशा जागी असते. आपण घोट घेतो तेव्हा श्वासनळीवर एक झाकण येते. पक्ष्यांमध्ये तसे झाकण नाही. तो स्वतः पाणी पितो तेव्हा ते तोंड आवळून घेतो, पण अर्धवट शुद्धीत, धापा टाकत असताना हे जमत नाही. अशा वेळी ओतलेले पाणी थेट श्वसनमार्गात उतरते.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे वळतो, कारण निसर्गातल्या यंत्ररचनांमध्ये याच्या तोडीची रचना मला तरी फार थोडी आढळली आहे.

आपले श्वसन शाळेत शिकलेले असते. श्वासपटल खाली गेले की फुप्फुसे फुगतात, वर आले की हवा बाहेर पडते. हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने परत येते, त्यामुळे प्रत्येक ताजा श्वास आत उरलेल्या शिळ्या हवेत मिसळतो. पक्ष्याला असे काम करणारे श्वासपटलच नसते. त्याची फुप्फुसे लहान, पाठीकडच्या बरगड्यांत घट्ट रुतलेली आणि जवळपास न फुगणारी असतात. त्यांना जोडून शरीरभर हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात. बहुतेक पक्ष्यांत त्या 9 असतात. काही मान आणि छातीत, काही मागे पोटापर्यंत. त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की त्यांतून आरपार दिसते. या पिशव्यांमध्ये ऑक्सिजन रक्तात जवळजवळ शिरतच नाही. त्यांचे काम लोहाराच्या भात्याचे, म्हणजे हवा ढकलण्याचे. हा भाता चालवते ती उरोस्थी, म्हणजे छातीचे मोठे हाड. ते खाली-पुढे सरकले की पिशव्या फुगतात, वर आले की दबतात.

पहिल्या श्वासाबरोबर आत आलेली बरीचशी हवा फुप्फुसाला वळसा घालून मागच्या पिशव्यांत जाते. उच्छ्वास होताना ती मागच्या पिशव्यांतून फुप्फुसात शिरते. दुसरा श्वास घेतला की तीच हवा फुप्फुसातून पुढच्या पिशव्यांत जाते आणि दुसऱ्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडते. एका घोटभर हवेचा प्रवास पूर्ण व्हायला दोन श्वास लागतात आणि या सगळ्या वेळात फुप्फुसातून हवा एकाच दिशेने, मागून पुढे, वाहत राहते. पक्षी श्वास घेत असो किंवा सोडत असो, त्याच्या फुप्फुसाला दोन्ही वेळा ताजी हवा मिळते. 1970 च्या सुमारास क्नूट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने शहामृगाला एकच श्वास शुद्ध ऑक्सिजनचा दिला आणि पिशव्यांतला ऑक्सिजन तो मोजत राहिला. मागच्या पिशव्यांत तो लगेच वाढला, पुढच्या पिशव्यांत त्यानंतरच्या श्वासात.

हवेला वळवणारी झडप मात्र आत कुठेच सापडत नाही. नळ्यांचे कोन, त्यांची रुंदी आणि हवेचा वेग यांवरच प्रवाहाची दिशा ठरते.

याहून सुंदर गोष्ट फुप्फुसाच्या आत आहे. तिथे आपल्या फुप्फुसातल्यासारख्या बारीक फुग्यांऐवजी दोन्ही टोकांनी उघड्या, समांतर बारीक नळ्या असतात आणि रक्त त्यांना साधारण काटकोनात छेदत जाते. नळीच्या सुरुवातीला भेटणाऱ्या रक्ताला ऑक्सिजनने भरलेली हवा मिळते, शेवटी भेटणाऱ्याला बरीच वापरलेली. हे सगळे रक्त पुढे एकत्र येते. त्यामुळे फुप्फुसातून निघणाऱ्या रक्तातला ऑक्सिजनचा आंशिक दाब (म्हणजे एकट्या ऑक्सिजनमुळे येणारा दाब) हा बाहेर टाकलेल्या हवेतल्या दाबापेक्षा जास्त असू शकतो. सस्तन प्राण्यांच्या फुप्फुसात हे घडत नाही, कारण तिथे रक्ताची गाठ मिसळलेल्या हवेशीच पडते. पूर्वी असा अंदाज होता की हवा आणि रक्त परस्परविरुद्ध दिशांनी वाहत असावेत. तसे असते तर हवेचा प्रवाह उलटा केल्यावर कार्यक्षमता घसरायला हवी होती. पीटर शाइड आणि योहानेस पीपर या शास्त्रज्ञांनी 1972 साली बदकाच्या फुप्फुसात प्रवाह खरोखर उलटा करून पाहिला. फरक पडला नाही. काटकोनाची मांडणी सिद्ध झाली ती अशी.

आता पुन्हा त्या मुठीकडे या. पक्षी छातीभोवती आवळून धरला की त्याची उरोस्थी हलत नाही. नाकपुड्या मोकळ्या, चोच मोकळी, तरीही तो गुदमरून मरतो. म्हणून जाणकार माणूस पक्ष्यावर हलके कापड टाकतो, पंख मिटवून दोन्ही बाजूंनी आधार देतो आणि छातीवर दाब येऊ देत नाही. शस्त्रक्रियेसाठी पक्ष्याला उताणे ठेवले तर पोटातील अवयवांचे वजन पिशव्यांवर येते, त्यामुळे भूल देताना त्याच्या श्वासावर सतत लक्ष ठेवावे लागते आणि गरज पडली तर श्वास द्यावाही लागतो.

हाडांची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. बऱ्याच पक्ष्यांत दंडाचे हाड पोकळ असते आणि ती पोकळी हवेच्या पिशवीशी जोडलेली असते. 1774 साली जॉन हंटर या शल्यविशारदाने दाखवले की कोंबड्याची श्वासनळी बांधून दंडाचे हाड कापले, तर त्या कापलेल्या हाडातूनही हवा आतबाहेर करते. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून मिळालेले ज्ञान आज पक्षी वाचवते. दंडाचे हाड मोडून जखम उघडी पडली असेल तर ती पाण्याच्या धारेने धुवायची नाही. धार श्वसनमार्गात पोहोचू शकते. आणि याच रचनेमुळे, एखाद्या पोपटाची श्वासनळी बी अडकून बंद झाली, तर पशुवैद्य त्याच्या कुशीतून मागच्या पिशवीत छोटी नळी घालतात आणि पक्षी त्या नळीतून श्वास घेत तगून राहतो.

कधी पडल्यामुळे किंवा मांजराच्या हल्ल्यात एखादी पिशवी फाटते आणि कातडीखाली हवा भरून पक्षी टम्म फुगलेला दिसतो. बघणारा घाबरतो, पण यातून पक्षी सावरू शकतो. धोका मांजराच्या दातांचा अधिक. दातांच्या बारीक छिद्रांतून गेलेले जिवाणू लहान पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारतात, म्हणून जखम दिसो वा न दिसो, काही तासांत प्रतिजैविक सुरू व्हावे लागते.

पिशव्यांची एक दुखरी बाजूही आहे. त्यांना रक्तपुरवठा फार कमी असतो, त्यामुळे ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू तिथे रुजले तर शरीराचे संरक्षण उशिरा पोहोचते आणि रक्तातून दिलेले औषधही पुरेसे पोहोचत नाही. औषधाचे धुके करून ते श्वासातून द्यावे लागते. वाचवलेल्या पक्ष्याखाली घातलेले ओलसर, बुरसटलेले गवत त्याच्या मूळ जखमेपेक्षा घातक ठरते ते यामुळे.

तेव्हा पक्षी सापडला तर हवेला भोके असलेला खोका, तळाशी स्वच्छ कापड, अंधार, शांतता, आणि लवकरात लवकर जाणकाराशी संपर्क. अन्न नाही, पाणी ओतणे नाही, दूध तर अजिबात नाही. दुधातली साखर पचवण्याची सोय पक्ष्याकडे नसते. पंख फुटलेले, उड्या मारणारे पिल्लू बहुतेकदा संकटात नसतेच, आई-बाप जवळपास असतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते ही समजूत निराधार आहे. ती इतकी घट्ट बसली आहे, की घरट्यातून पडलेले पिल्लू परत ठेवता येत असूनही लोक ते घरी नेतात आणि धडधाकट पिल्लू पोरके होते.

उपचारानंतरचा काळ मोठा असतो. तस्करांकडून जप्त केलेल्या आफ्रिकी करड्या पोपटांची किंवा मकाव या मोठ्या, लांब शेपटीच्या पोपटांची उड्डाणपिसे अनेकदा कापलेली असतात. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखांसारखे मृत केराटिनचे असते, कापलेले पुन्हा वाढत नाही. ते गळून नवे येईपर्यंत थांबायचे, आणि मोठ्या पोपटांत यात वर्ष जाऊ शकते. ससाणे पाळणाऱ्यांची एक जुनी युक्ती इथे कामी येते. दुसऱ्या पक्ष्याचे गळलेले पीस बारीक काडीच्या आधाराने कापलेल्या पिसाच्या पोकळ देठात बसवतात.

तोवर छातीचे स्नायू झिजलेले असतात. उडणाऱ्या पक्ष्यात ते शरीराच्या वजनाच्या 15 ते 25 टक्के असतात आणि छोट्या पिंजऱ्यात ते टिकत नाहीत. म्हणून लांबलचक उड्डाणपिंजरा लागतो, आणि त्यातली परीक्षा पुन्हा श्वासाचीच असते. पक्ष्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेक फेऱ्या उडवतात आणि मग बघतात: चोच किती वेळ उघडी राहते, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होते का, श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो. काही ठिकाणी रक्तातले लॅक्टेट, म्हणजे श्रमाने साठणारे द्रव्यही मोजतात. झाडावर जेमतेम पोहोचणाऱ्या पक्ष्याला सोडणे म्हणजे शिकाऱ्यासमोर ठेवणे.

शरीर तयार झाले तरी वागणे तयार असतेच असे नाही. हातावर वाढवलेला पोपट माणसांनाच आपले गणगोत समजतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये 1986 ते 1993 या काळात जाडचोच पोपट सोडले गेले. रानातून पकडून नंतर जप्त झालेल्या पक्ष्यांनी बऱ्यापैकी तग धरला. पिंजऱ्यात वाढलेले थव्यात राहीनात आणि शिकारी पक्ष्यांच्या तावडीत सापडत गेले. प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या पोपटांची रानातली संख्या 1975 साली 13 वर आली होती. तिथे पुढे पिंजऱ्यात वाढलेले पोपट सोडण्यापूर्वी त्यांना बाजाची सावली, त्याचा आवाज आणि खरा बाज दाखवून भीती शिकवली गेली. ब्राझीलमध्ये जून 2022 मध्ये 8 स्पिक्स मकाव सोडले, ते निळ्या पंखांच्या मकावांच्या सोबतीने, कारण त्या कोरड्या झुडपी रानातली खाण्याची ठिकाणे आणि धोके या सोबत्यांना ठाऊक होते. स्पिक्सचा रानातला शेवटचा ज्ञात नर 2000 सालीच दिसेनासा झाला होता, त्यामुळे शिकवायला स्वतःच्या जातीचे कोणी उरलेच नव्हते.

या सगळ्यापुढे दार उघडून पक्षी उडवून देण्याचा सोहळा फार स्वस्त वाटतो. आग्नेय आशियात पुण्य मिळावे म्हणून पक्षी विकत घेऊन सोडतात. ते पक्षी सोडण्यासाठीच रानातून पकडलेले असतात, पकडताना आणि पिंजऱ्यात अनेक मरतात, सुटलेले काही पुन्हा पकडले जातात. यात पुण्य कुठे आहे, हे मला कोणी समजावून सांगू शकलेले नाही. कॅमेऱ्यासमोर हवेत उडवलेला पक्षीही याच जातकुळीतला. नीट सोडणे म्हणजे आधी विषाणूंच्या चाचण्या, कारण एक आजारी पोपट अख्ख्या रानाला रोग देऊ शकतो. मग सोडण्याच्या जागीच बांधलेल्या पिंजऱ्यात काही आठवडे मुक्काम, दार उघडल्यावरही बाहेर ठेवलेले अन्न, आणि पाठीवर ठावठिकाणा कळवणारा, पक्ष्याच्या वजनाच्या काही टक्क्यांपेक्षा हलका ट्रान्समीटर. पहिले वर्ष सर्वांत कठीण असते. ट्रान्समीटरशिवाय सोडलेल्या पक्ष्याबद्दल "तो मुक्त झाला" एवढेच सांगता येते, तो जगला का हे नाही.

काही पक्षी कधीच सोडण्याजोगे होत नाहीत. पंखाचा सांधा जखडला की पक्षी पुन्हा उडत नाही. वेदना थांबणार नसतील तर शांत मरण देणे हा प्रामाणिक उपाय असतो आणि तो करणाऱ्यांना क्रूर म्हणू नये. पण उडता न येणारा, बाकी निरोगी असलेला प्रौढ पोपट पुनर्वसन केंद्रात मोलाचा असतो. पोरकी पिल्ले त्याच्या हवाली केली तर ती माणसाऐवजी पोपटाकडे बघत वाढतात, त्याच्याकडून हाका शिकतात, आणि मोठी झाल्यावर पिंजऱ्याजवळ माणूस आला की दूर पळतात. सोडण्यासाठी नेमका हाच गुण हवा असतो.