घरगुती औषधांची साठवण

डॉक्टरांनी लिहून दिलेली, दुकानातून थेट आणलेली आणि परंपरेने घरात असणारी औषधे वापर होईपर्यंत गुणकारी राहतील, त्यांची ओळख पुसली जाणार नाही आणि ती चुकीच्या हाती पडणार नाहीत अशा रीतीने ठेवणे, म्हणजे घरगुती औषधांची साठवण होय. यांपैकी ओळख टिकवण्याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या औषधाच्या वेष्टनावर नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख छापावी लागते. मुदत महिना व वर्ष अशी दिलेली असेल, तर औषध त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत वापरण्याजोगे धरतात. ही तारीख म्हणजे उत्पादकाने दिलेली हमी असते आणि ती न उघडलेल्या, वेष्टनावर सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या औषधापुरतीच लागू पडते. अमेरिकेच्या लष्करी साठ्यांतील औषधांची मुदतीनंतर तपासणी करण्याचा कार्यक्रम १९८६ मध्ये सुरू झाला, तेव्हा मूळ वेष्टनात व नियंत्रित हवामानात ठेवलेली अनेक औषधे मुदतीनंतरही टिकून असल्याचे आढळले. परंतु त्यावरून घरातल्या जुन्या गोळ्या चालतील असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारे चंद्रपूरचे घर किंवा पावसाळ्यात भिंतींना ओल येणारे रत्नागिरीचे घर हे नियंत्रित कोठार नव्हे.

उष्णता, दमटपणा आणि प्रकाश ही औषध बिघडण्याची मुख्य कारणे आहेत. तापमान दहा अंशांनी वाढले की विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ॲस्पिरिनच्या गोळीला दमट हवा लागली की तिचे सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल यांत विघटन होऊ लागते. अशा गोळ्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. फिट्सवर दिले जाणारे सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतील पाणी शोषून घेते, म्हणून त्या गोळ्या आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत आधीपासून काढून ठेवू नयेत. हृदयविकारात छातीत कळ आल्यावर घ्यायचे नायट्रोग्लिसरीन बाष्पनशील (हवेत सहज उडून जाणारे) असल्याने त्याच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतच घट्ट बंद ठेवाव्या लागतात. बाटलीतील सिलिका जेलची पुडी ओलावा शोषण्यासाठी असते. गोळ्या संपेपर्यंत ती काढून टाकू नये.

स्वयंपाकघरातील गॅसजवळचे फडताळ, न्हाणीघरातील आरशामागचा कप्पा, खिडकीची कड, जुन्या फ्रीजची तापणारी वरची बाजू आणि स्कूटरची डिकी या औषधांसाठी वाईट जागा आहेत. थायरॉइडच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या असल्यामुळे त्यांची बाटली अनेक घरांत चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असते आणि रोज वाफ खाते. या गोळ्यांतील लेव्होथायरॉक्सिन हे औषध उष्णता, ओलावा व प्रकाश या तिन्हींना संवेदनशील असल्याने ही सवय अवश्य मोडावी. झोपण्याच्या खोलीतील कपाटाचा वरचा, कुलूप लागणारा खण बहुतेक घरांत पुरेसा ठरतो. जुन्या वाड्यांतील माजघर अंधारे व थंड असल्यामुळे त्या दृष्टीने उत्तम जागा होती. वेष्टनावरील ‘थंड जागी ठेवा’ ही सूचना सहसा पंचवीस अंशांच्या आतील जागेविषयी असते. तिचा अर्थ फ्रीज असा घेऊ नये.

मेडिकलमध्ये दहा गोळ्यांच्या पाकिटातून चार गोळ्या कापून मिळतात, आणि गरजेपुरतेच औषध घेता येत असल्याने गरीब रुग्णाला हे सोयीचे असते. मात्र नाव, बॅच आणि मुदत पाकिटाच्या एका भागावर छापलेली असली, तर कापलेल्या तुकड्याबरोबर ती माहिती निघून जाते. काही महिन्यांनी डब्यात सापडलेल्या दोन पांढऱ्या गोळ्यांपैकी कोणती तापाची आणि कोणती मधुमेहाची, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राखून दुसऱ्या टोकाकडून गोळ्या काढणे, कापलेला तुकडा कागदी पाकिटात घालून त्यावर नाव, मुदत, कुणासाठी व कशासाठी हे लिहिणे आणि बिल सोबत ठेवणे, एवढ्याने हा धोका जवळजवळ संपतो. नाव नसलेली गोळी मात्र कितीही नवी दिसली तरी वापरू नये. लहान मुलांच्या औषधाची मापाची टोपी किंवा ड्रॉपर त्याच बाटलीबरोबर राहणे तितकेच महत्त्वाचे आहे: पॅरासिटामॉलचे थेंब बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम, त्यामुळे सिरपच्या चमच्याने थेंब दिल्यास मात्रा दुप्पट किंवा चौपट होते.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवतात. दारातील कप्प्यात तापमान सतत वरखाली होते आणि बर्फाच्या कप्प्यालगत ते गोठण्याची भीती असते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी टाकून द्यावे लागते. वापरात असलेली कुपी किंवा पेन प्रकारानुसार साधारण ४ आठवडे २५ ते ३० अंशांखाली बाहेर चालते. फ्रीज नसलेल्या किंवा वीज तासन्‌तास जाणाऱ्या घरांत मातीच्या मोठ्या मडक्यात लहान मडके, मधे ओली वाळू आणि आत पाणी न शिरणाऱ्या डबीत इन्सुलिन अशी रचना करतात. हा गारवा बाष्पीभवनाचा असल्याने विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला साधतो, कोकणातील दमट हवेत मात्र फारसा मिळत नाही.

पाणी घालून तयार केलेले अँटिबायोटिक सिरप साधारणपणे ७ दिवसांत संपवायचे असते, आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारखे काही प्रकार त्या काळात फ्रीजमध्ये ठेवावे लागतात. डोळ्यांत घालायचे थेंब बाटली उघडल्यापासून सुमारे ४ आठवड्यांनी टाकावेत. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहिणे हाच त्याचा खात्रीचा उपाय आहे. जलसंजीवनीचे तयार केलेले पाणी २४ तासांनंतर वापरू नये.

आयुर्वेदिक औषधांच्या टिकाऊपणाचा विचार जुना आहे. शार्ङ्गधरसंहितेने चूर्ण दोन महिन्यांनी, तर गुटिका (गोळ्या) व अवलेह (चाटण) वर्षानंतर हीनवीर्य होतात असे सांगितले असून आसव, भस्मे व रसौषधी जुनी झाल्याने अधिक गुणी होतात असे मानले आहे. तान्ह्या मुलांच्या बाळगुटीतील वेखंड, जायफळ, हळकुंड इत्यादी द्रव्ये सहाणेवर रोज ओली होतात; ती पुसून पूर्ण वाळवल्याशिवाय डबीत बंद केल्यास त्यांना बुरशी धरते, आणि ती बुरशी थेट बाळाच्या पोटात जाते. पावसाळ्यात याविषयी विशेष दक्षता घ्यावी.

मुलांना होणारी विषबाधा हा या विषयातील सर्वांत गंभीर भाग आहे. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने, एखाददुसरी पोटात गेली तरी, लहान मुलाची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. सरकारी योजनेतून मिळणाऱ्या लोहाच्या गुलाबी, निळ्या व तांबड्या गोळ्या खाऊसारख्या दिसतात, आणि मुलाने त्या बऱ्याच खाल्ल्या तर जीवावर बेतते. कापूर व कापूरयुक्त तेले पोटात गेल्यास झटके येतात. म्हणून आजी-आजोबांची रोजची औषधे उशाखाली, पर्समध्ये किंवा टीव्हीच्या टेबलावर न ठेवता कुलपात ठेवावीत, औषध चॉकलेट आहे असे सांगून मुलाला देऊ नये, आणि शेतीची कीटकनाशके औषधांपासून पूर्ण वेगळ्या, बंद जागी असावीत. घरात कुणी खोल नैराश्यात असेल, तर औषधांचा साठा थोडा ठेवणे आणि तो दुसऱ्याच्या ताब्यात असणे हेही उपचाराइतकेच गरजेचे असते. विषबाधेचा संशय आल्यास उलटी करवण्यात वेळ न घालवता औषधाचे वेष्टन घेऊन रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र दूरध्वनीवरून सल्ला देते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी मुदत संपलेल्या औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती; आजही ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यावीत. नाल्यात किंवा शौचालयात सोडलेली प्रतिजैविके पाण्यात जाऊन जंतूंच्या औषधप्रतिकाराला हातभार लावतात. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने न वापरलेली औषधे घरोघरून गोळा करण्याची योजना सुरू केली असून अशा सोयीची महाराष्ट्रालाही तातडीने गरज आहे. जिथे वेगळे संकलन नाही तिथे गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळाव्यात, बंद पिशवीत घालाव्यात आणि पाकिटावरील नाव खोडावे. दम्याच्या इन्हेलरचे डबे रिकामे वाटले तरी त्यांत दाबाखालील वायू उरलेला असतो; ते टोचू नयेत आणि शेकोटीत टाकू नयेत.